खोक्यावरचा ‘पीक’ आकडा घाटात कामाला येत नाही

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचा. सव्वीस वर्षं भाजीपाल्याची गाडी चालवतो. ओतूर, उदापूर, डिंगोरे या पट्ट्यातली कोथिंबीर, मेथी, हंगामात टोमॅटो रात्री भरायचा, माळशेज उतरून मुरबाडमार्गे पहाटे कल्याणच्या बाजार समितीत पोचवायचा, हा माझा धंदा. आता निम्म्या फेऱ्या पोरगा करतो. हे पत्र त्याच्यासारख्या रात्री-अपरात्री एकट्याने गाडी हाकणाऱ्या पोरांसाठी लिहितो आहे. विषय एका लहानशा यंत्राचा आहे, ज्याला दुकानात जंप स्टार्टर म्हणतात आणि आमच्याकडे नुसतं बूस्टर. बॅटरी बसली की याचे दोन चिमटे लावायचे आणि सेल्फ मारायचा. हल्ली प्रत्येक पिकअपवाला ते मागवतो, आणि बहुतेक जण खोक्यावरचा एकच आकडा, इंग्रजीतला ‘पीक’ म्हणजे कमाल अँपिअरचा, बघून मागवतात. मीही तसंच केलं होतं आणि त्याचे पैसे चार शेतकऱ्यांनी भरले. म्हणून लिहितो.

गेल्या जुलैतली गोष्ट. हौद्यात चार जणांची मिळून तीन हजार जुड्या कोथिंबीर. अकराला ओतूर सोडलं. घाटात उतरणीला लागलो तर पुढे गाड्यांची रांग उभी. थोडी दरड आली होती, फार नाही, पण रस्ता अडला होता. धुकं इतकं की पुढच्या गाडीचे मागचे दिवे दिसेनात. डिझेल वाचवायला इंजिन बंद केलं आणि पार्किंग लाइट, चारी इंडिकेटर, काचेवरचा वायपर, केबिनमधला छोटा पंखा, सगळं चालू ठेवलं. धुक्यात दिवे बंद करून चालतच नाही, मागून कुणी येऊन धडकेल. दोन तास असे गेले. गाडी २०२१ ची आणि बॅटरी गाडीबरोबर आलेली तीच. अडीचच्या सुमारास रांग हलली, चावी फिरवली, आणि नुसतं टक, टक, टक. सेल्फ उचलेना.

मला काळजी वाटली नाही, कारण डॅशबोर्डच्या कप्प्यात बूस्टर होतं. सत्तावीसशे रुपयांचं, खोक्यावर ठळक ‘२००० अँपिअर पीक’ लिहिलेलं. बटण दाबलं, चारही दिवे लागले, म्हणजे फुल्ल. बॉनेट उघडून पोराने मोबाइलचा उजेड धरला, मी लाल चिमटा प्लसला आणि काळा मायनसला लावला. सेल्फ मारला तर इंजिनने अर्धा फेरा घेतला, ‘घ्रर्र’ केलं आणि थांबलं. चिमट्याजवळचा हिरवा दिवा लाल झाला. पाच मिनिटं थांबून पुन्हा मारला तर तेवढंही झालं नाही. तिसऱ्या वेळी हाताला वायर गरम लागली आणि जळक्या रबराचा वास आला. मी ते काढून टाकलं.

मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या. दहा-बारा जणांनी उतरून गाडी कडेला ढकलली, त्यांचे उपकार. दोन कारवाल्यांना विचारलं, पण जोडायची केबल कुणाकडेच नव्हती, माझ्याकडेही नाही. एक टँकरवाला थांबला. त्याच्या पेटीत केबल होती, पण तो म्हणाला, “दादा, माझी चोवीस व्होल्टची सिस्टीम आहे. तुझी बाराची. लावली तर गाडीचा कॉम्प्युटर जाईल.” बरोबर बोलला. घाईत त्याने जोडून दिली असती तर माझं नुकसान लाखात गेलं असतं. शेवटी सव्वापाचला मुरबाडकडून वर येणाऱ्या एका छोट्या टेम्पोवाल्याने केबल लावली आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. कल्याणला पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते.

कोथिंबीर पाच तास जास्त थांबली की काय होतं ते शेतकऱ्याला सांगायला नको. वरून हिरवी दिसते, पण जुडी उकलली की आत वाफ कोंडलेली असते आणि मधल्या काड्या पिवळ्या. पहाटे शेकडा अकराशेने गेलेला माल आमच्या वेळेला सहाशेने गेला. तीस शेकड्यांचे पंधरा हजार रुपये. मी भाडं घेतलं नाही, पण त्यातला एक शेतकरी माझ्याच वयाचा, मला म्हणाला, “जाऊ दे, दरडीला कोण काय करणार?” दरड अडीच तासांत निघाली होती. बाकीचा उशीर माझ्या बॅटरीचा आणि त्या खोक्याचा होता, हे मी त्याला सांगितलं. आता सगळ्यांना सांगतो.

माझा भाचा आळेफाट्याला गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतो. परत येताना ते बूस्टर त्याच्यापुढे ठेवलं. त्याने आधी क्लॅम्प मीटर काढला, डीसी करंट मोजणारा, आणि माझ्याच गाडीच्या बॅटरीच्या जाड वायरीला अडकवला. “मामा, सेल्फ मारा.” आकडा एकदम साडेचारशे अँपिअरच्या वर उडाला आणि लगेच उतरून दोनशे ते अडीचशेच्या मध्ये खेळत राहिला, इंजिन सुरू होईपर्यंत. माझं इंजिन अडीच लिटरचं, चार सिलिंडरचं, डिझेल. जाम उभं असलेलं इंजिन पहिल्यांदा हलवायला सेल्फच्या मोटारीला एक मोठा धक्का लागतो, पुढे फिरवत ठेवायला त्याच्या निम्मा. पेट्रोलच्या छोट्या गाडीला यापेक्षा खूप कमी पुरतं. डिझेलमध्ये कॉम्प्रेशन जास्त, म्हणून ताकद जास्त. माझ्या इंजिनची गरज इतकीच आहे, असं त्याने मला डोळ्यांनी दाखवलं. मग मी विचारलं, दोन हजारवाल्याने का नाही उचललं?

त्यावर त्याने जे उत्तर दिलं ते विहिरीवरच्या मोटारीच्या भाषेत होतं, म्हणून माझ्या डोक्यात बसलं. दहा व्होल्टला दोन हजार अँपिअर म्हणजे वीस हजार वॅट. पाच एचपीच्या पाच मोटारी एका वेळी चालतील एवढी ताकद. ती हाताच्या पंज्याएवढ्या डबीतून आणि करंगळीएवढ्या वायरीतून येणार? माझ्या गाडीला चालू सेल्फला अडीचशे अँपिअर लागतात, म्हणजे अडीच हजार वॅट, म्हणजे तीन-सव्वातीन एचपीची एक मोटार, आणि तीही तीनच सेकंद. खऱ्या अर्थाने एवढंच देणारं यंत्र मला पाहिजे होतं. ‘पीक’ म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्या आत येऊन जाणारा आकडा, आणि तो कसा मोजला, किती वेळ मोजला, तेव्हा व्होल्टेज किती उरलं होतं, यातलं खोक्यावर काहीही लिहिलेलं नसतं.

गाडीच्या साध्या बॅटरीचं तसं नाही. तिच्यावर ‘सीसीए’ (कोल्ड क्रँकिंग अँपिअर) म्हणून जो आकडा असतो त्यामागे ठरलेली अट आहे: उणे १८ अंश थंडीत, सलग ३० सेकंद तेवढा करंट द्यायचा आणि व्होल्टेज ७.२ च्या खाली जाऊ द्यायचं नाही. एकाच मानकाचा आकडा असेल तर कुठल्याही कंपनीची घ्या, अट तीच. म्हणून दोन बॅटऱ्यांची तुलना करता येते. बूस्टरच्या ‘पीक’ आकड्यांची अशी तुलना करता येत नाही. एकाचे हजार हे दुसऱ्याच्या अडीच हजारांपेक्षा जास्त निघू शकतात.

दुसरा आकडा एमएएच, म्हणजे मिली-अँपिअर-तास, आत किती वीज साठते त्याचा. माझ्यावर २०,००० लिहिलेलं होतं. तो आकडा आतल्या एका सेलच्या ३.७ व्होल्टवर धरलेला असतो. गुणाकार केला तर ७४ वॅट-तास. बारा व्होल्टच्या हिशोबाने जेमतेम सहा-साडेसहा अँपिअर-तास. पण भाचा म्हणाला की हाही आकडा इथे फारसा कामाचा नाही, कारण तीन सेकंदांच्या एका सेल्फला त्यातले दोन वॅट-तास लागतात. साठा कमी पडत नसतो, तो एकदम बाहेर यावा लागतो. टाकी पाच हजार लिटरची आणि नळ अर्ध्या इंचाचा, तर शेत भिजत नाही. मोबाइल चार वेळा चार्ज करायचा असेल तर एमएएच बघावं. सेल्फ मारायचा असेल तर नळ बघावा, म्हणजे वायर, चिमटे, प्लग आणि आतले सेल.

मग त्याने दुकानाबाहेर, फरशीवर, शेजारी वाळूची बादली ठेवून ते यंत्र उघडलं. हे घरी कुणी करू नये, लिथियमच्या सेलला चुकून पाना लागला तर भडका उडतो. आत चपट्या पाकिटासारखे तीन सेल एकावर एक. तिन्ही फुगलेले, मधला तर पुरीसारखा. चार्ज दाखवणारे चार दिवे फक्त व्होल्टेज बघतात, म्हणून ते चारही लागत होते. सेल आतून म्हातारे झालेत हे त्या दिव्यांना कळत नाही. नंतर त्याने चिमट्याची वायर कापली. बाहेरून करंगळीएवढी जाड, पण आत सगळं रबर. मधे तांब्याच्या रंगाची तार, साधारण उदबत्तीच्या काडीएवढी. नखाने खरवडली तर खालून पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. चिमट्याच्या दोन जबड्यांपैकी एकालाच वायर जोडलेली, दुसरा जबडा नुसता पकडायला. एवढं बघितल्यावर मी आणखी काही विचारलं नाही.

सेल फुगले कशाने? यात माझी चूक आहे आणि ती बहुतेक जण करतात. यंत्र घेतल्या दिवशी चार्ज केलं आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकलं. अकरा महिने तिथेच. एप्रिल-मेमध्ये गाडी बाजारात उन्हात उभी असते, काचा बंद. डॅशबोर्डला हात लावला तर चटका बसतो. तिथे साठ-सत्तर अंश सहज होतात, आणि बहुतेक यंत्रांच्या पुस्तिकेतच साठच्या वर ठेवू नका म्हणून लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात, इंग्रजीत. पूर्ण भरलेलं लिथियम आणि वर उकाडा, यापेक्षा वाईट जोडी नाही. नागपूर-चंद्रपूरकडच्या गाडीवाल्यांनी तर हे नक्की लक्षात ठेवावं, त्यांचा उन्हाळा आमच्यापेक्षा कितीतरी कडक.

आता नवीन घेताना मी काय बघितलं ते सांगतो.

पहिलं म्हणजे, खोक्यावर किंवा पुस्तिकेत ‘पीक’ सोडून ‘स्टार्टिंग करंट’ किंवा ‘क्रँकिंग करंट’ वेगळा छापलेला आहे का. तो छापलेलाच नसेल तर ते यंत्र मी हातात घेत नाही. माझ्या अडीच लिटर डिझेलसाठी मी चारशे किंवा जास्त धरला. डिझेलचे किती लिटर आणि पेट्रोलचे किती लिटर हे वेगवेगळं लिहिलेलं हवं. नुसतं ‘सहा लिटरपर्यंत’ लिहिलं असेल तर ते पेट्रोलचं समजावं. आणि आपल्या इंजिनपेक्षा वरच्या पायरीचं घ्यावं, कारण दोन वर्षांनी ते आजच्याएवढं राहणार नाही. छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, असेल तर लहान यंत्रानेही भागेल, पहिल्या टाटा एसचं इंजिन दोन सिलिंडरचं, ७०२ सीसीचं होतं. बोलेरो पिकअप २५२३ सीसी. दोघांना एकच यंत्र सुचवणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नये.

चिमटे हातात घेऊन बघावेत. वजन लागलं पाहिजे, दोन्ही जबड्यांना जोड हवा, वायर आखूड आणि जाड हवी. लांब वायर सोयीची वाटते, पण बारीक आणि लांब वायरीत व्होल्टेज पडतं. प्लस-मायनस उलटं लागलं तर यंत्राने ओरडलं पाहिजे, ठिणगी पडता कामा नये. अंधारात, पावसात, भिजलेल्या हाताने हे काम करायचं असतं, तेव्हा माणसाकडून उलटं लागतं. बनवल्याचा महिना आणि वर्ष बघावं. पाकीटबंद मालावर तो छापणं, तसंच बनवणाऱ्याचा किंवा आयात करणाऱ्याचा पत्ता आणि तक्रारीचा क्रमांक छापणं कायद्याने सक्तीचं आहे. गोदामात दोन वर्षं पडून राहिलेलं लिथियम नवं म्हणून घेऊ नये.

मी सहा हजार चारशेचं घेतलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, ते या पत्राचं काम नाही.

घेतल्याबरोबर मी जे केलं ते सगळ्यांनी करावं असं मला मनापासून वाटतं. गाडीची जुनी बॅटरी बदलायचीच होती. ती बदलण्याआधी घरच्या अंगणात हेडलाइट लावून ठेवले, सेल्फ उचलेनासा होईपर्यंत. मग नवं बूस्टर लावलं. पहिल्या सेल्फला गाडी सुरू. बंद केली, दहा मिनिटांनी पुन्हा. तीन वेळा झाली. चौथ्या दिवशी हे केलं, म्हणजे माल परत करायची मुदत हातात होती. चांगल्या बॅटरीवर हा प्रयोग करू नका, पूर्ण उतरवल्याने तिचं आयुष्य कमी होतं. पण बदलायला झालेली असेल तर ती भंगारात देण्याआधी तिच्याकडून एवढी परीक्षा करून घ्या. घाटात परीक्षा घेण्यापेक्षा अंगणात घेतलेली बरी.

दुसऱ्या प्रकारचंही एक यंत्र भाच्याने दाखवलं, सुपर कपॅसिटरचं. त्यात बॅटरीच नसते. आपल्याच उतरलेल्या बॅटरीत जो थोडा जीव उरलेला असतो तो हळूहळू ओढून साठवतं, काही मिनिटं लागतात, आणि सगळा एका दमात सेल्फला देतं. बसलेल्या बॅटरीत अकरा व्होल्ट असले तरी ते सेल्फच्या झटक्याला टिकत नाहीत, पण हे यंत्र भरायला पुरतात. उन्हात ठेवलं तरी लिथियमसारखं बिघडत नाही, महिनोन्महिने चार्ज करायची आठवण ठेवावी लागत नाही. विसराळू माणसाला आणि विदर्भातल्या उन्हाळ्याला हे चांगलं. अडचण इतकीच की बॅटरी ठार मेलेली असेल तर याला भरायला दुसरी गाडी किंवा पॉवर बँक लागते, आणि एक सेल्फ फुकट गेला की पुन्हा भरत बसा. महागही आहे. मी घेतलं नाही. पण बाजार समितीत दिवसभर गाडी उन्हात लावणाऱ्याने जरूर विचार करावा.

लिथियमचं यंत्र आता आमच्या गाडीत राहतच नाही. जेवणाचा डबा जसा फेरी संपली की घरी येतो, तसं तेही घरी येतं आणि रात्री डब्याबरोबर परत जातं. गाडीत असतं तेव्हा सीटच्या मागे खाली, कापडी पिशवीत. चार्जिंगचा दिवस संकष्टी. आमच्या तालुक्यात ओझर आणि लेण्याद्री हे दोन अष्टविनायक, घरात संकष्टी कधी चुकत नाही. मंडळी उपास धरतात, त्या दिवशी बूस्टर चार्जिंगला लागतं, बघून काढलं जातं. अकरा महिने विसरलो होतो तसं आता होत नाही.

वापरायची रीतही पोराकडून पाठ करून घेतली आहे. यंत्र आधी बंद. लाल चिमटा प्लसला, काळा मायनसला, किंवा त्याहून बरं म्हणजे बॅटरीपासून लांब इंजिनच्या उघड्या लोखंडाला, कारण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेट घेतो. मग यंत्र चालू. सेल्फ तीन ते पाच सेकंद, जास्त नाही. नाही झाली तर निदान अर्धा मिनिट थांबायचं. सुरू झाली की लगेच चिमटे काढायचे. इंजिन चालू असताना अल्टरनेटर चौदा व्होल्टच्या आसपास देतो, तो या तीन सेलच्या यंत्रात उलटा शिरता कामा नये. आणि ‘बूस्ट’ नावाचं जे बटण असतं त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. बॅटरी इतकी मेलेली असली की यंत्राला ती जोडलेलीच कळत नाही, तेव्हा ते बटण दाबून जबरदस्तीने करंट सोडता येतो. पण त्या वेळी उलटं-सुलटं ओळखणारी सुरक्षा बहुतेक यंत्रांत बंद होते. म्हणून बटणाला बोट लावण्याआधी प्लस-मायनस दोनदा बघायचं. चोवीस व्होल्टच्या ट्रकला किंवा टँकरला आपलं यंत्र उसनं द्यायचं नाही, कितीही विनवणी केली तरी. त्यांच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात.

कुणी म्हणेल, पूर्वी आम्ही धक्का मारून गाडी सुरू करायचो, ही नाटकं कशाला? माझी पहिली गाडी साध्या डिझेल पंपाची होती, उतारावर सोडली की दुसऱ्या गिअरला सुरू व्हायची. आताच्या बीएस-६ गाड्यांत इंजेक्टर कॉम्प्युटर उघडतो. बॅटरी अगदी उतरली तर त्या कॉम्प्युटरलाच जीव नसतो, मग घाटभर ढकला, डिझेल आत जाणार नाही. आणि आमच्या भागात रात्री गाडीखाली उतरून ढकलायचं म्हणजे दुसरी भीती आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस आणि उसात बिबट्या. जुन्नर तालुक्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मुलगा रात्री एकटा गाडी घेऊन जातो तेव्हा त्याची आई जागी असते.

बूस्टर मुळात लागूच नये यासाठी दोनशे रुपयांचा एक व्होल्टमीटर मी सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये लावला आहे. रात्रभर उभी राहिलेली गाडी साडेबाराच्या वर दाखवत असेल तर ठीक. १२.२ म्हणजे बॅटरी निम्मी. बाराच्या खाली म्हणजे आज फेरीआधी काहीतरी करा. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ लागला तर बॅटरीचे दिवस भरले. टर्मिनलवर आलेली पांढरी-हिरवी पावडर सोड्याच्या कोमट पाण्याने धुवायची, घट्ट आवळायचं, वर व्हॅसलीन. आणि जाड तांब्याची तीन मीटरची केबल सीटखाली कायमची. त्या रात्री माझ्याकडे केबल असती तर मागच्या पुढच्या कुठल्याही पिकअपवरून पाच मिनिटांत गाडी सुरू झाली असती. यंत्र घ्यायचे पैसे नसतील त्याने आधी केबल घ्यावी.

आता आपल्याकडे आणि आपल्यामार्फत सरकारकडे मागणं.

बूस्टरच्या खोक्यावर ‘पीक’ आकडा मोठ्या अक्षरात छापायला बंदी घालावी, किंवा त्याच्याच बरोबरीच्या अक्षरात इतके सेकंद, इतक्या व्होल्टला, इतक्या तापमानात इतके अँपिअर, असं छापणं सक्तीचं करावं. बॅटरीला मानक आहे तर बॅटरीच्या जागी वापरल्या जाणाऱ्या यंत्राला का नसावं? वापरायची रीत आणि उन्हाचा इशारा मराठीत आणि चित्रांत द्यावा. ते वाचणारा माणूस रात्री दोनला घाटात असतो. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ वर फोन केला तर मदत मिळते, पण घाटात फोनलाच रेंज नसते. माळशेजसारख्या घाटांत पावसाळ्यात बंदोबस्त असतो, दरड काढणारी यंत्रं उभी असतात. त्यांच्याबरोबर एक चांगलं बूस्टर आणि एक केबल ठेवली तर खर्च दहा हजारांच्या आत. अडकलेल्या एका गाडीतली भाजी त्यापेक्षा महाग असते. ज्यांची फसगत झाली आहे त्यांनी गप्प न बसता ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवावी. मी नोंदवली आहे. आणि फुगलेलं यंत्र कचऱ्यात किंवा चुलीजवळ टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनुसार जुनी बॅटरी गोळा करून घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्याची आणि आयात करणाऱ्याची आहे.

आपल्या वर्तमानपत्राकडे एक विनंती. अशा यंत्रांच्या बातम्या आणि जाहिराती छापून येतात, त्यात खोक्यावरचेच आकडे असतात. एखाद्या आयटीआयच्या मोटर मेकॅनिक विभागात बाजारातली आठ-दहा बूस्टर आणून, एकाच डिझेल पिकअपवर, एकाच उतरलेल्या बॅटरीवर, क्लॅम्प मीटर लावून तपासा आणि जे निघेल ते आकड्यांसह छापा. मुलांनाही शिकायला मिळेल. त्यासाठी माझी गाडी घेऊन यायला मी तयार आहे. जुनी बॅटरी अजून भंगारात दिलेली नाही, पडवीत ठेवली आहे, तीही आणतो. भाचा मीटर घेऊन येईल म्हणाला आहे. सकाळी कल्याणहून परतायला मला अकरा वाजतात, त्यानंतर कुठल्याही दिवशी चालेल.

आपला,
एक पिकअपचालक
ओतूर, ता. जुन्नर, जि. पुणे